'आक्रीत': अमोल पालेकरांचा न हसवणारा मुकुटराव

१९७९ साली हृषीकेश मुखर्जींचा 'गोलमाल' आला आणि अमोल पालेकर हे नाव घराघरांत हसण्याशी जोडले गेले. १९८१ साली हाच नट एका मराठी चित्रपटात दिसला. त्यात तो मुलींच्या हत्यांशी जोडलेल्या एका गावपुढाऱ्याची भूमिका करत होता, आणि दिग्दर्शनही त्याचेच होते. पहिला चित्रपट आजही दूरचित्रवाणीवर लागला की माणसे काम सोडून बसतात. दुसऱ्याचे नाव घेतले तर बहुतेक तरुण वाचक विचारतील की असा काही चित्रपट होता का. होता. त्याचे नाव 'आक्रीत'.

ग्रामीण मराठीत 'आक्रीत घडलं' असे म्हणतात, ते जे पूर्वी कधी ऐकले नाही, जे घडू नये आणि तरी घडले, त्याला उद्देशून. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून पहिल्यांदाच केलेल्या या चित्रपटाला हा शब्द चपखल बसतो. मात्र त्यामागचे खरे आक्रीत पडद्यावरचे नाही. ते परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे आहे.

मुंबईला किंवा वसई-पापडीला बसून पाहिले तर मानवत फार दूरचे वाटते. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर 'मानवत रोड' नावाचे स्थानक लागते, एवढीच अनेकांची त्या गावाशी ओळख. कापसाच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. स्वातंत्र्य येथे तेरा महिने उशिरा पोहोचले. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि मराठवाडा त्यात होरपळला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मानवतमध्ये हत्यांची मालिका सुरू झाली, ती जानेवारी १९७४ पर्यंत चालली. बळी पडलेल्या सर्व स्त्रिया होत्या. त्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, तशाच प्रौढ बायकाही होत्या.

त्या मृतदेहांचे वर्णन येथे केलेले नाही. खटल्याच्या कागदपत्रांत ते आहे आणि ते तिथेच राहिलेले बरे. समजून घेण्यासारखा आहे तो फिर्यादी पक्षाने मांडलेला हेतू. गावातला एक प्रतिष्ठित माणूस, जो नगरपालिकेचा अध्यक्ष राहिला होता. त्याच्यासोबत राहणारी, मूल होत नसलेली एक स्त्री. जमिनीखाली गुप्तधन आहे असा समज. आणि ते धन तसेच मूल मिळवून देण्याचा उपाय सांगणारा मांत्रिक. दुष्काळात शेजारच्या विहिरी आटत असताना या गावात रक्ताचा नैवेद्य मागितला जात होता, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते.

स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा मुंबईच्या गुन्हे अन्वेषणात नाव कमावलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठवण्यात आले. १९६८ साली मुंबईच्या पदपथांवर झोपणाऱ्यांना ठार मारणाऱ्या रामन राघवचा छडा लावणारे हेच कुलकर्णी. त्यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या आणि मानवतची कथा आजच्या पिढीपर्यंत आली ती प्रामुख्याने त्या आठवणींमुळे.

यापुढचा भाग बहुतेक समाजमाध्यमी कथनांत गाळला जातो.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ साली 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने त्याचा निकाल लागला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात, पण हत्यांच्या क्रूरतेसाठी नव्हे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, त्याला स्वतंत्र पुराव्याचा आधार कितपत हवा, आणि शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकणे किती आवश्यक आहे, या प्रश्नांसाठी तो वाचला जातो. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या लेखणीतून उतरलेल्या या निकालाअंती प्रत्यक्ष हत्या केल्याचे सिद्ध झालेल्यांना शिक्षा झाल्या. ज्या पुढाऱ्याला आणि ज्या स्त्रीला सारा महाराष्ट्र या प्रकरणाचे सूत्रधार समजत होता, ते दोघे मात्र सुटले. कट सिद्ध झाला नाही.

या थ्रेडमध्ये त्या दोघांची पूर्ण नावे दिलेली नाहीत, ती याच कारणाने. इतिहासाच्या आवडीपायी एखाद्याला न्यायालयाने दिलेली सुटका परत काढून घेण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

निकालानंतर चार वर्षांनी 'आक्रीत' आला. वर्तमानपत्रांतले मथळे लोकांच्या स्मरणात ताजे होते. चित्रपटकर्त्यांपुढे दोन मार्ग होते: खरी नावे घेऊन 'सत्यकथा' म्हणून ती विकावी, किंवा नावे बदलून आपल्याला त्या घटनेत जे दिसते ते मोकळेपणाने सांगावे. तेंडुलकर-पालेकरांनी दुसरा मार्ग पत्करला. पडद्यावर मुकुटराव शिंदे आला आणि त्याच्यासोबत रुही आली. मुकुटराव पालेकर स्वतः झाले, रुही चित्रा पालेकर झाल्या. हा बदल केवळ बदनामीच्या दाव्याच्या भीतीने केला, असे कोणी म्हणेल. तसे असले तरी त्याचा परिणाम चित्रपटाच्या हिताचाच झाला. मुकुटरावाला दोषी ठरवताना चित्रपट कोणत्याही जिवंत माणसावर निकाल देत नाही. तो एका प्रवृत्तीवर निकाल देतो, आणि तसे करण्याचा कलेला हक्क आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या भूमिकेसाठी पालेकरच का?

१९८१ मध्ये पालेकर म्हणजे काय होते, हे आज कल्पनेने उभे करावे लागते. सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला चित्रकार, बँक ऑफ इंडियातला कारकून आणि सत्यदेव दुबेंच्या तालमीत तयार झालेला प्रायोगिक रंगभूमीवरचा नट, अशी त्यांची घडण होती. मात्र हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला यांतला फक्त कारकून ठाऊक होता. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर', 'बातों बातों में' या चित्रपटांतून बसच्या रांगेत उभा राहणारा, साहेबाला घाबरणारा, मुलीशी बोलताना शब्द गिळणारा एक मध्यमवर्गीय तरुण घडला. अमिताभ बच्चन पडद्यावर गुंडांना लोळवत होते त्याच वर्षांत हा तरुण डबा घेऊन कचेरीत जात होता. त्याचा विनोद ठोसर नव्हता. तो अडखळण्यातून, खोटे बोलताना चेहरा सरळ ठेवण्यातून आणि अगदी छोट्या लबाडीतून निर्माण होत असे. प्रेक्षक त्याला हसत, आणि हसताना त्याच्यात स्वतःला पाहत.

या विनोदी चित्रपटांकडे मानवतनंतरच्या नजरेने पुन्हा पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते, जी सहसा कोणी बोलून दाखवत नाही. 'गोलमाल'चा सारा डोलारा एका अंधश्रद्धेवर उभा आहे. उत्पल दत्त यांनी साकारलेल्या भवानीशंकरांची खात्री आहे की ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही. नोकरी टिकवण्यासाठी रामप्रसाद त्या समजुतीला शरण जातो, मिशी लावतो, बिनमिशीचा जुळा भाऊ उभा करतो, आणि चित्रपटगृह हसून लोटपोट होते. 'छोटी सी बात'चा अरुण तर आणखी पुढे जातो. प्रभाचे मन जिंकता येत नाही म्हणून तो ज्योतिष पाहतो, पत्त्यांतून भविष्य काढतो, बुवांच्या पायांशी जातो आणि अखेर खंडाळ्याच्या कर्नलसाहेबांचे शिष्यत्व पत्करतो. स्वतःच्या अंगी जे सामर्थ्य नाही ते कोणीतरी मंत्रासारखे आपल्या हाती ठेवील, ही त्याची आशा आहे. तिला आपण हसतो, कारण तिची किंमत कोणाला मोजावी लागत नाही.

मुकुटरावाचीही आशा हीच आहे. त्याला आणि रुहीला जे हवे ते आपल्या बळावर मिळत नाही, म्हणून ते उपाय सांगणाऱ्याकडे जातात. फरक इतकाच, की मुकुटरावाच्या हाती सत्ता आहे आणि त्याच्या उपायाची किंमत गरिबांच्या मुली मोजतात. पालेकरांची निवड म्हणूनच धक्कातंत्र म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या प्रेक्षकाने अरुणच्या भाबडेपणावर प्रेम केले होते, त्याला तोच भाबडेपणा सत्तेच्या जागी बसवून दाखवणे हे फार टोकदार विधान होते. एखाद्या नेहमीच्या खलनायकाला ही भूमिका दिली असती तर प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून सावध झाला असता. मानवतमध्ये कोणीच सावध नव्हते. त्या गावातल्या बाया मुलींना रानात पाठवत होत्या, कारण माणसे ओळखीची होती.

येथे एक आक्षेप रास्त आहे. श्याम बेनेगलांच्या 'भूमिका' (१९७७) मध्ये पालेकरांनी केशव दळवी हा बायकोच्या जिवावर जगणारा, तिला लुबाडणारा नवरा साकारलाच होता, मग 'आक्रीत'चे एवढे नवल काय? नवल आहे ते प्रमाणाचे. केशवची दुष्टता घराच्या चार भिंतींत मावते, आणि तो हंसा वाडकरांच्या आयुष्यावर बेतलेल्या कथेतला दुय्यम पुरुष आहे. मुकुटराव कथेच्या मध्यभागी आहे. शिवाय 'भूमिका' दुसऱ्याने दिलेली होती. येथे नटाने दिग्दर्शक होऊन पहिल्याच चित्रपटात स्वतःच्या लोकप्रिय चेहऱ्यावर हत्यार चालवले. 'गोलमाल'साठी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेला असताना, हातात विनोदी चित्रपटांच्या तारखा असताना, हा उद्योग करण्याची व्यावहारिक गरज कोणतीच नव्हती.

मराठी प्रेक्षकाला विदूषकाचा खलनायक होणे तसे नवे नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले निळू फुले 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यात लोकांना हसवत आले आणि पुढे पडद्यावर त्यांच्या नुसत्या नजरेने बायका शिव्या घालू लागल्या. परंतु फुल्यांचे रूपांतर झाले ते कायमचे. विनोद मागे पडला आणि खलनायकाची छबी पक्की झाली. पालेकरांच्या बाबतीत दोन्ही चेहरे एकाच वेळी बाजारात होते. १९८१ सालीच 'नरम गरम'ही आला, हे ध्यानात घ्यावे. एकाच वर्षी तोच माणूस एका पडद्यावर खळखळून हसवतो आणि दुसऱ्यावर अंगावर काटा आणतो, ही गोष्ट प्रेक्षकाला सोयीची नसते. हसवणाऱ्याने हसवतच राहावे, हा करार मोडला की प्रेक्षक रुसतो. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'एक होता विदूषक' (१९९२) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डेंनी जीव ओतला होता, तरी त्या चित्रपटाकडे लोकांनी पाठ फिरवली. 'आक्रीत'चे विस्मरण याच रुसव्याच्या खात्यात मांडायला हवे. फ्रान्समधील नान्त येथील तीन खंडांच्या महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळवलेला मराठी चित्रपट मराठी माणसालाच ठाऊक नसावा, याला दुसरे कारण सापडत नाही.

तेंडुलकरांविषयी थोडे. १९७३ ते १९७५ या काळात त्यांना नेहरू शिष्यवृत्ती मिळाली होती आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता समाजातील वाढता हिंसाचार. मानवतचा तपास आणि खटला याच काळातला. 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर' ही नाटके आधीच गाजली आणि गांजली होती. 'सामना', 'निशांत', 'आक्रोश' या पटकथांतून गावातली सत्ता आणि स्त्रीचे शरीर यांचा संबंध ते पुन्हा पुन्हा तपासत होते. या रांगेत 'आक्रीत' ठेवला की तो सुटा पडलेला चित्रपट राहत नाही. 'सामना'तला साखरसम्राट गावाला पैशाने विकत घेतो, 'निशांत'मधले जमीनदार शिक्षकाची बायको उचलून नेतात, आणि मुकुटराव याच वंशातला आहे. मांत्रिक हा त्याच्या हातातला नोकर आहे, मालक नव्हे. मानवतच्या घटनेला 'नरबळी' हा एकच शब्द चिकटवून आपण मोकळे होतो तेव्हा सत्तेची ही बाजू हिशेबातून निसटते. अंधश्रद्धा गावात सगळ्यांच्याच मनात होती. पण बळी कोणाच्या मुलीचा द्यायचा, हे ठरवण्याची ताकद सगळ्यांकडे नव्हती.

जागतिक चित्रपटाच्या इतिहासात याचे सर्वांत जवळचे उदाहरण चार्ली चॅप्लिनचे आहे. फ्रान्समध्ये आंरी लांद्रू नावाच्या माणसाने लग्नाच्या आमिषाने स्त्रियांना जाळ्यात ओढून ठार मारले. दहा स्त्रिया आणि एक मुलगा यांच्या हत्येबद्दल १९२२ साली त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. १९४७ साली चॅप्लिनने त्यावरून 'मस्य व्हर्दू' काढला आणि स्वतः तो खुनी साकारला. त्यानेही नाव बदलले. त्याचाही नायक बँकेतून कमी केलेला कारकून होता. अमेरिकी प्रेक्षकाने लाडक्या भटक्याचे हे रूप साफ नाकारले आणि चित्रपट तिथे आपटला. पुढील पिढ्यांनी मात्र त्याला चॅप्लिनच्या धाडसी कामांत स्थान दिले. 'व्हर्दू'ला ती संधी मिळाली, कारण तो जपला गेला, दाखवला गेला, त्यावर लिहिले गेले. 'आक्रीत'च्या वाट्याला हे भाग्य अद्याप आलेले नाही.

मानवतची कथा पडद्यावर पुन्हा आली ती २०२४ साली. ऑक्टोबरात सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मालिका प्रदर्शित झाली; दिग्दर्शक आशिष बेंडे, आणि रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. उत्तमराव या पात्रासाठी, म्हणजे १९८१ मध्ये ज्याचा मुकुटराव झाला होता त्याच माणसासाठी, निवड झाली मकरंद अनासपुरे यांची. त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने एकच भूमिका पुन्हा एका विनोदी नटाकडे गेली. याला योगायोग म्हणणे कठीण आहे. दोन्ही वेळा निर्मात्यांना या प्रकरणाचा गाभा एकाच ठिकाणी दिसला असावा: गावाला आपला वाटणारा माणूस.

या ठिकाणी रघुवीर यादव यांचीही आठवण येते. 'मुंगेरीलाल के हसीन सपने'मधून दूरदर्शनच्या प्रेक्षकाला हसवणाऱ्या यादव यांना श्रीराम राघवन यांनी १९९१ साली रामन राघवच्या भूमिकेत उभे केले. तोही लघुपट फार थोड्यांनी पाहिला. रमाकांत कुलकर्णींनी ज्या दोन प्रकरणांत नाव मिळवले, त्या दोन्हींतले मध्यवर्ती पात्र पडद्यावर हसवणाऱ्या नटांच्या वाट्याला यावे, हे चित्रपटाच्या इतिहासात टिपून ठेवण्याजोगे आहे.

अनासपुरेंची निवड एका बाबतीत पालेकरांच्या निवडीहून सरस ठरते. पालेकर मुंबईचे. त्यांच्या मुकुटरावाकडे आपण शहराच्या खिडकीतून पाहतो. मराठवाडा तिथे थोडासा परका, थोडासा गूढ राहतो आणि ही 'आक्रीत'ची उणीव मान्य करायला हवी. अनासपुरे बीडचे. मराठवाडी बोली हेच त्यांच्या विनोदाचे भांडवल. 'कायद्याचं बोला', 'दे धक्का', 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' यांतून पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने त्या बोलीला वीस वर्षे हसून घेतले. तीच बोली, तोच हेल मानवतच्या वाड्यात गंभीरपणे ऐकू येतो तेव्हा प्रेक्षकाला सवयीने हसू फुटण्याच्या बेतात असते आणि तिथेच अडकते. एका प्रदेशाची भाषा म्हणजे विनोद, असे आपण कधी ठरवून टाकले, हा प्रश्न मालिका विचारत नाही. अनासपुरेंचा आवाज विचारतो.

दुसऱ्या बाबतीत मात्र मालिका मागे पडते. तिने खरी नावे वापरली, आणि कथा तपास अधिकाऱ्याच्या आठवणींवरून, म्हणजे पोलिसांच्या बाजूने सांगितली. पोलीस अधिकाऱ्याने आपल्या तपासाची कथा आपल्या बाजूने सांगणे स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. पण न्यायालयात जे टिकले नाही ते आठ भागांच्या मालिकेत टिकते आणि पाहणाऱ्याच्या मनात तेच अंतिम सत्य होऊन बसते. शेवटी पडद्यावर उमटणाऱ्या चार ओळी आठ भागांचा परिणाम पुसू शकत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीखाली कोणाचे सत्य सांगितले जात आहे: तपास करणाऱ्याचे, माफीच्या साक्षीदाराचे, की निकाल देणाऱ्याचे? ही तीन सत्ये मानवतच्या बाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत. 'आक्रीत'ने नावे बदलून हा पेच ओळखला होता, असे मानायला जागा आहे.

सर्वांत अवघड प्रश्न रुहीचा आहे, आणि या विषयावर लिहिणारे तो बहुधा टाळतात.

मूळ प्रकरणातली स्त्री पारधी समाजातली होती. १८७१ साली ब्रिटिशांनी केलेल्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पारधी त्या शिक्क्याखाली आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, शिक्का मात्र गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालांवर, ही रीत आजही पुरती संपलेली नाही. अशा समाजातली एक स्त्री, पुढाऱ्याने लग्नाविना ठेवलेली, मूल नसलेली. गावाच्या दृष्टीने तिच्याविषयी काहीही खरे वाटू शकत होते. चेटूक, करणी, रक्ताची हाव, सारे तिच्या नावावर सहज खपले असते. न्यायालयाने पुरावा मागितला. गावाला आणि वर्तमानपत्रांना त्याची तितकी गरज भासली नव्हती. 'आक्रीत' रुहीला राक्षसीण करून सोडून देत नाही, तिची असुरक्षितता कथेच्या मुळाशी ठेवतो, हे त्याचे मोठेपण. तरीही रक्ताच्या उपायाशी तिची इच्छा जोडलेली राहते, आणि म्हणून हा चित्रपट आज पाहताना प्रेक्षकाने स्वतःची नजरही तपासत राहावी लागते. विनोदी नटाच्या धक्कादायक भूमिकेची चर्चा करताना आपण सारे कौतुक त्याच्यावर खर्च करतो आणि शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीला विसरतो, हाही त्या नजरेचाच भाग.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. कायद्याच्या लांबलचक नावात 'नरबळी' हा शब्द अगदी आरंभी येतो. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मानवतच्या पहिल्या हत्येपासून त्या ओळीपर्यंत यायला महाराष्ट्राला एकेचाळीस वर्षे लागली.

पालेकर पती-पत्नी पुढे विभक्त झाले. पण 'आक्रीत'ने हाती दिलेला प्रश्न दोघांनीही आपापल्या परीने जवळ ठेवला. अमोल पालेकरांनी १९८५ मध्ये चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः'वरून 'अनकही' केला. त्यात एका ज्योतिषाचे भाकीत एका निष्पाप मुलीच्या आयुष्याचा सौदा करायला लावते. रुही झालेल्या चित्रा पालेकरांनी २००६ साली महाश्वेता देवींच्या 'बायेन' या कथेवरून 'माती माय' दिग्दर्शित केला. त्यातली चंडी ही पिढीजात कामाचा भाग म्हणून मेलेल्या लहान मुलांना माती देणारी बाई. गाव तिला चेटकीण ठरवते आणि वेशीबाहेर घालवते. भूमिका नंदिता दास यांची. तो चित्रपटही फारसा कोणी पाहिलेला नाही.